एक गेलं, एक राहिलं

माझ्या पोटात बाळ नव्हतं. एवढं एक वाक्य सरळ लिहून काढायला मला दीड वर्ष लागलं.

मी प्रणिता. अमरावतीच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही म्हणाल, बाई अडाणी असावी. अडाणी नव्हते. प्रजननाचा धडा मी दरवर्षी शिकवते. पोरं खाली माना घालून हसतात आणि मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढते. तरीही दोन महिने मी अशा लेकराची आई होऊन बसले, जे कधी नव्हतंच.

माझ्या आजाराला द्राक्षगर्भ म्हणतात. क्वचित होतो, म्हणून कुणी त्यावर बोलत नाही. कुणी बोलत नाही, म्हणून जिला होतो तिला वाटतं की जगात आपण एकट्याच. माझ्या डॉक्टरांनी मध्ये विचारलं, तुमच्यासारखीच एक मुलगी आली आहे, तिच्याशी बोलाल का? बोलले. पण तिच्या समोर बसून मला सगळं सांगता आलं नाही. जे राहिलं ते इथे लिहिते आहे.

*

सासर फुलं पिकवणाऱ्यांचं. अमरावतीच्या कडेला, बडनेऱ्याच्या बाजूनं आमचं दोन एकर वावर आहे. शेवंती, झेंडू, गलांडा. नवरा मंगेश पहाटे फुलं घेऊन बाजारात जातो, सासूबाई दिवसभर हार ओवतात. घरात आम्ही तिघंच. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि येणारी प्रत्येक बाई माझ्या तोंडाआधी माझ्या पोटाकडे बघायची. म्हणून दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी ताकीद दिली, "तिसरा सरेपर्यंत कोनाले सांगू नको व. नजर लागते."

उलट्या अशा सुरू झाल्या की प्यायलेलं पाणी पोटात ठरेना. पोटही दिवसांच्या मानानं मोठं दिसायला लागलं. मी घाबरले होते, सासूबाई मात्र खुशीत. "जुळं हाय," त्या म्हणाल्या. "एका लेकरानं इतका तरास होत नसते."

तिसरा लागला तशी त्यांनी चोरचोळी केली. आमच्याकडे सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण गाजावाजा करून होतं, पण त्याआधी सासू सुनेला गुपचूप हिरवी चोळी घालते, ओटी भरते, आणि ते दोघींतच राहतं. म्हणून ती चोरचोळी. दार लावून त्यांनी मला पाटावर बसवलं. ओटीत नारळ, तांदूळ आणि मोजून दोन संत्री घातली. "एकाले एक," म्हणाल्या. मंगेश बाहेर गाडी पुसत होता, त्यालाही आत येऊ दिलं नाही. मला इतकं हसू येत होतं की नारळ ओटीतून घरंगळला.

*

त्यानंतर आठव्या दिवशी कपड्याला तपकिरी डाग लागला. मंगेशनं मला शाळेतून थेट दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडम बोलक्या, सोनोग्राफी करता करता शेवंतीचा भाव विचारणाऱ्या. त्या दिवशी त्या मध्येच बोलायच्या थांबल्या.

मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. डोकं, पाठीचा कणा, काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. तिथं साबुदाणा भिजत घातल्यासारखं दिसत होतं. काठोकाठ.

"मॅडम, ठोके?"

"प्रणिता, ठोके नाहीत. यात बाळच नाही. नुसती वार वाढली आहे, फोडाफोडांची."

"सासूबाई तर म्हणतात जुळं आहे."

माझ्या पोटावरचं ओलं मॅडमनी स्वतःच्या हातानं पुसलं. एरवी ते काम नर्स करते.

बाळ गेलं असतं तर मी त्याच्यासाठी रडले असते. इथं रडायला कुणी नव्हतंच. मग दोन महिने मी उलट्या कुणासाठी सोसल्या, रात्री कुशीवर कुणाला जपून झोपले? मला त्या पडद्याचा संताप आला होता. आजही साबुदाण्याची खिचडी आमच्या घरात शिजत नाही, उपासाला भगर करतो.

पिशवी साफ करायला भरती केलं ते बाळंतिणींच्याच वॉर्डात, दुसरीकडे खाट रिकामी नव्हती. दोन्ही बाजूंना दुपट्यात गुंडाळलेली लेकरं. झाडायला आलेल्या मावशींनी सवयीनं विचारलं, "तुले काय झालं व, पोरगा का पोरगी?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, माझ्या पायाला हात लावला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. त्या आठवड्यात माझ्याशी सगळ्यात नीट वागलेलं माणूस तेच.

सुट्टी देताना मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. दर आठवड्याला रक्त तपासायचं. त्यातल्या गरोदरपणाच्या हार्मोनचा आकडा शून्यावर येईपर्यंत, आणि त्यानंतरही काही महिने. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत. "आणि घरी पट्टीवर तपासत बसू नका. ती अजून दोन रेघा दाखवेल, पण त्या बाळाच्या नसतात. बहुतेक बायका इथंच बऱ्या होतात. एखादीत ती वार पुन्हा वाढते, कॅन्सरसारखी पसरते. वेळेत कळलं तर तीही बरी होते. कळायला रक्त द्यावं लागतं."

मंगेशनं यातलं 'साफ झालं' एवढंच ऐकलं. मी सगळं ऐकलं होतं. शब्दन् शब्द.

*

लोकांना आम्ही 'पोट राहिलं नाही' एवढंच सांगितलं. बायका भेटायला आल्या. कुणी पपईला दोष दिला, कुणी स्कूटीला, कुणी शाळेच्या जिन्याला. एक लांबची मामेसासू हळूच म्हणाली, "नुसता वाराच भरला होता म्हने पोटात?" सासूबाई ओवता ओवता म्हणाल्या, "चहा झाला असन तं निंगा आता, ऊन वाढून राहिलं." त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी आलं नाही.

तीन आठवडे रक्त दिलं. आकडा लाखातून हजारात आला. मग सहामाही परीक्षा लागली, एक आठवडा चुकला. पेपर तपासायचे होते, दुसरा चुकला. तिसऱ्या आठवड्यात सकाळी ब्रश करताना पुन्हा तीच मळमळ आली.

शाळेच्या वाटेवर एका अनोळखी मेडिकलमधून मी पट्टी घेतली. प्रार्थनेच्या घंटेआधी, शिक्षिकांच्या बाथरूममध्ये तपासली. दोन रेघा. फिक्या नव्हेत, चांगल्या गडद. बाहेर पोरं रांगा लावत होती आणि मी आत भिंतीला टेकून उभी होते. मॅडमचं बोलणं मला आठवत होतं. पण ते लांबचं, दुसऱ्या कुणाला सांगितल्यासारखं वाटत होतं.

दुपारी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "एक गेलं, एक राहिलं."

"म्हणजे?"

"जुळं होतं म्हनलं नव्हतं का मी? मशीनले एकामांगचं एक दिसत नाई. एक नासलं, ते काढलं. हे चिवट निंगालं."

या ठिकाणी विज्ञानाच्या बाईनं बोलायला हवं होतं. मी बोलले, ते असं: "रक्त द्यायला गेलं तर त्यांना कळेल, आई. ते हेही काढतील."

"मंग जाऊ नको," त्या म्हणाल्या. "मंगेशलेही सांगू नको. तिसरा लागू दे."

लोक पुढे म्हणाले की सासूनं सुनेला भरीस घातलं. म्हणून स्पष्ट लिहिते. पट्टी मी आणली, न जायचं कारण मी दिलं. त्यांनी फक्त हो म्हटलं.

*

लपवणं किती सोपं होतं, हे मला आजही खरं वाटत नाही. आमच्यात तिसरा सरेपर्यंत लपवायचंच असतं, त्यामुळे आम्ही काही चुकीचं करतोय असं दोघींनाही वाटलं नाही. मंगेश विचारायचा, "काय निंगालं व रक्तात?" मी सांगायची, कमी झालं. दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, ताई तुम्ही आल्या नाहीत. मी म्हटलं, माहेरी अकोल्याला असते, तिथंच करते. एका दुपारी दार लावून पुन्हा ओटी भरली गेली. या वेळी संत्रं एकच होतं.

मी त्याच्याशी बोलायची. स्कूटीवरून जाताना, गतिरोधक आला की म्हणायची, सांभाळ. पेपर तपासताना एकदा पोटात हललंसुद्धा. त्या दिवसांत काही हलणं शक्य नसतं, हे मी त्याच वर्गात फळ्यावर शिकवलं होतं. मला ते माहीत होतं आणि मला ते हललेलंही कळलं होतं. दोन्ही एकाच वेळी. वेड लागणं म्हणजे काही केस मोकळे सोडून धावणं नसतं, पेपर तपासता तपासताही लागतं.

अधूनमधून डाग दिसायचे. वजन उतरत होतं. मी आरशासमोर बाजूनं उभी राहायची आणि पोट वाढलं असं स्वतःला सांगायची.

मग खोकला लागला. आधी कोरडा. थंडीचे दिवस, वावरात धुकं, कुणाला काही वाटलं नाही. एका रविवारी मी सासूबाईंजवळ बसून झेंडूचे देठ तोडत होते. खोकल्याची उबळ आली, पदर तोंडाला लावला, आणि बाजूला घेतला तर त्यावर लाल ठिपके.

सासूबाईंनी तो पदर हातात घेतला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"शांतालेही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

शांता त्यांची मोठी बहीण. त्या बहिणीबद्दल मी एवढंच ऐकलं होतं की ती तरुणपणी गेली. "तिचं पोट गेलं. घोस पडले म्हनत द्राक्षाचे. मंग म्हने पुन्यांदा दिवस राहिले. मलेच सांगितलं तिनं, मायलेही नाई. मी पंधरा वरसाची. म्या चोरून घरातला खन आनला, तिची ओटी भरली. आन मंग खोकला लागला तिले. असाच."

"तुम्हाला हे आठवत होतं?"

"आठवत होतं."

"पहिल्या दिवसापासून?"

"मले वाटलं, तुहं तसं नसन. डॉक्टरनीनं साफ केलं होतं ना." मग त्या उठल्या. वावरात फुलं तोडणाऱ्या चार बाया होत्या, त्यांच्यासमोर उभं राहून त्यांनी मंगेशला मोठ्यानं हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मंगेश, गाडी काढ! हिच्या पोटात काहीतरी राहिलं हाय आन आमी दोघींनं ते लपवलं!"

राहिलं होतंच काहीतरी. मॅडमनी पिशवी तपासली. बाळ नव्हतं. छातीचा एक्स-रे काढला, त्यात फुप्फुसावर ठिपके होते; वार तिथवर पसरली होती. मंगेश बाहेर येऊन बाकावर बसला. घरी पोचल्यावर म्हणाला, "मी रोज इचारत होतो तुले." तेवढंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

*

सुया अकोल्याला घ्यायच्या ठरल्या, कारण त्या आजाराचे डॉक्टर तिथं होते आणि माहेरही. एक दिवस सुई, एक दिवस गोळी, असे आठ दिवस. मग थोडी सुट्टी, मग पुन्हा तेच. जानेवारी ते मार्च. वॉर्ड कॅन्सरचा. सकाळी रक्त, मग वाट बघणं, मग सुई, मग पुन्हा वाट बघणं. शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरच्या कुसुमताई होत्या, साठीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुले कुठचा व?" मी म्हटलं, पोटातला, वारेचा. "म्हंजे लेकरू हाय?" नाही म्हटलं. "मंग वार कायची?" मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बापा, मलेही माह्या आजाराचं नाव घेता येत नाई."

तोंडात फोड आले. मिरची सोडाच, वरणाची धारही झोंबायची. कुसुमताईंनी थर्मासमधून बर्फाचे खडे आणले आणि सुईच्या वेळी तोंडात धरायला शिकवलं. मला त्या तीन महिन्यांतल्या औषधाचं नाव आठवत नाही, तो बर्फ आठवतो.

आता मी जे कुणालाच सांगितलं नाही ते. प्रत्येक सुईला मला वाटायचं, आपण त्याला मारतोय. एक्स-रे पाहिला होता, सगळं कळलं होतं, तरीही. तिसऱ्या सुईला मी डॉक्टरांना विचारलं, "सर, यानं ते मरतं का?" ते नळीकडे बघत सहज म्हणाले, "तेच तर मारायचं आहे." त्यांची काही चूक नव्हती. मी मान भिंतीकडे वळवली आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर घाबरू नका, तुम्ही दुष्ट नाही आहात आणि वेड्याही नाही. फक्त सुई चुकवू नका. माफी मागत मागत घ्या, पण घ्या.

आणि एक लाजेची गोष्ट. माझी मम्मी रोज सासूबाईंना बोलायची. "त्या अडाणी बाईनं माही पोरगी मारली असती." फोनवरही तिनं त्यांना ऐकवलं, मी खाटेवर पडून ऐकत होते. मी गप्प राहिले. एवढी शिकलेली मी, आणि दोष एका चौथी शिकलेल्या बाईवर जाऊ दिला, कारण त्यानं मला बरं वाटत होतं. सासूबाईंनी उलटून एक शब्द काढला नाही. त्या फक्त विचारायच्या, आज खाल्लं का काही तिनं?

दुसऱ्या फेरीनंतर त्या एसटीनं अकोल्याला आल्या. वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. मम्मी खाटेवरून उठली आणि पाठ करून खिडकीशी गेली. तेव्हा मी म्हटलं, "मम्मी, पट्टी मी आणली होती. दवाखान्यात खोटं मी सांगितलं. यांनीच मला गाडीत घातलं, नाहीतर मी आजही तिथंच बसले असते." तोंडातल्या फोडांनी शब्द धड निघत नव्हते, मला दोनदा सांगावं लागलं. मम्मी वळली नाही, पण थोड्या वेळानं तिनं स्टूल पुढे सरकवलं. सासूबाई त्यावर बसल्या आणि माझे पाय चेपायला लागल्या. त्या कधीच कुणाचे पाय चेपत नाहीत.

*

मार्चअखेर आकडा खाली आला आणि खालीच राहिला. आता एक वर्ष थांबा, रक्त देत रहा, मग बाळाचा विचार करा, डॉक्टर म्हणाले. कुसुमताईंना पेढे द्यायला गेले तर त्यांची खाट दुसऱ्या कुणाला दिली होती. कुठं गेल्या ते विचारायचा धीर मला झाला नाही.

अमरावतीला परतले. मंगेश आता दर तपासणीला स्वतः येतो आणि कागद स्वतः वाचतो. त्याचा माझ्या शब्दावर पुन्हा विश्वास बसायला वेळ लागेल, तो मला सहन करायला हवा.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पूजतात. आदल्या दिवशी दुपारी कुंभारीण दारात टोपलं घेऊन आली. सासूबाईंनी सासऱ्यांसाठी घागर घेतली, शांतासाठी एक लहान घागर घेतली. मग एक अगदी छोटं गाडगं उचललं, पेलाभर पाणी मावेल एवढं, आणि ते हातात धरून आत माझ्याजवळ आल्या.

"प्रणिता, तू शिकेल हायस. खोटं सांगू नको. तुह्या पोटात जीव होता का नव्हता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. या बाईशी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"नव्हता, आई."

"आन शांताच्या?"

"तिला हेच झालं असेल तर तिच्याही नव्हता."

त्या खाली बसल्या. गाडगं मांडीवर होतं. "पंचेचाळीस वरसं झाली," त्या म्हणाल्या. "दर आखाजीले शांताच्या घागरीजवळ मी हे ठेवते. तिच्या लेकराले तहान लागन म्हून. सासूले नाई सांगितलं, तुह्या सासऱ्याले नाई सांगितलं." गाडगं त्यांनी हातात फिरवलं, पुन्हा फिरवलं. "मंग मी इतकी वरसं कोनाले पानी पाजलं?"

दारातून कुंभारणीनं हाक दिली, "बाई, ते लहानगं घेता का ठेवू टोपल्यात?"

सासूबाई उठल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाहेर गेले, टोपल्यातून तसंच दुसरं गाडगं शोधून काढलं, आणि कुंभारणीला दोन्हीचे पैसे दिले.